नाथसागरावरची आमची जुनी स्पीडबोट : तिच्यात केलेले फेरफार आणि काही आठवणी

गोदाकाठकर

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात आमच्याकडे स्पीडबोट होती असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो, आणि तो योग्यही आहे, कारण त्या बोटीत आम्ही जे जे फेरफार केले ते बहुतेक सगळे पाण्याच्या येण्याजाण्यामुळेच करावे लागले. ज्या तळ्यांची पातळी वर्षभर जवळपास सारखी राहते, अशा पाण्यासाठी ती बांधलेली होती. तिला इथल्या पाण्याच्या सवयी शिकवणे हेच आमचे कितीतरी वर्षांचे काम होते. जुन्या जीप आणि ट्रॅक्टर यांच्यावर इथे इतके जिव्हाळ्याने लिहिले गेले आहे, की या बोटीविषयीही नीट लिहून ठेवावे असे वाटले.

बोट वडिलांनी आणि मी १९७९ साली मुंबईच्या दारूखान्यातून घेतली. जुन्या जहाजांचे सामान जिथे विकले जाते त्या भागात ती एका गोदामाच्या मागे उलटी घातलेली होती. सोळा फूट लांबी, सागवानी फासळ्या, मरीन प्लायचा तळ, बाजूंना सागाच्या फळ्या आणि पुढच्या डेकवर वार्निशचे थर, जे तोवर मधाच्या रंगाचे झाले होते. मागे जॉन्सन कंपनीची, १९६०च्या दशकातली, दोन सिलिंडरांची ४० अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर. वडील पाटबंधाऱ्याच्या कामांवरचे लहान कंत्राटदार होते आणि त्यांना यंत्रांची मनापासून आवड होती. ट्रकमध्ये भाताचा पेंढा अंथरून आम्ही बोट पैठणला आणली. पुढच्या वर्षांत धरणाच्या कार्यालयाची परवानगी घेऊन आणि मच्छीमार सोसायटीच्या लोकांशी जाळ्यांच्या जागा ठरवून घेऊन ती चालवली.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले, म्हणजे आमची बोट आली तेव्हा जलाशय अगदी नवा होता. भरल्यावर तो सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद होतो, परंतु हा पसारा सपाट जमिनीवरचा असल्यामुळे त्या मानाने खोली फार कमी. दसऱ्याच्या सुमारास जिथून बोट पाण्यात सोडायचो, तिथे उन्हाळ्यात गाळपेराची पिके उभी असायची आणि काठ नजरेच्या टप्प्यापलीकडे गेलेला असायचा. उरलेल्या पाण्याखाली बाभळीचे बुंधे, बांध, विहिरींचे कठडे आणि घरांच्या भिंती. अशा पाण्यात मोटरीचा पंखा (प्रोपेलर) दीड-दोन फूट खाली ठेवून वेगाने जाणे म्हणजे गियरबॉक्स फोडून घेणे.

म्हणून पहिला मोठा बदल मोटरीच्या उंचीचा केला. पंख्याच्या अगदी वर मोटरीला एक आडवी पट्टी असते, तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, आणि ती बोटीच्या तळाच्या रेषेत असावी असा सर्वसाधारण नियम आहे. मोटर थेट मागच्या फळीवर न बसवता चार-पाच इंच मागे नेली, तर तळाखालून सुटलेले पाणी तिथवर पोचेपर्यंत किंचित वर उचललेले असते आणि मोटरही तेवढी वर घेता येते. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये आम्ही लोखंडी चॅनलची चौकट करून घेतली, तिला उभ्या खाचा ठेवल्या आणि वर-खाली करण्यासाठी एका जुन्या लेथचा स्क्रू बसवला. खोल पाण्यात मोटर नेहमीच्या जागी राहायची. उथळ भागात वेग अगदी कमी करून, स्क्रू फिरवून ती आणखी दोन-तीन इंच वर घ्यायची, मात्र मोटर थंड ठेवणारे पाणी ओढण्याची जाळी पाण्याबाहेर येऊ द्यायची नाही. मोटर मागे गेल्याने फळीवर पिळाचा ताण वाढतो, म्हणून आतून प्लायचा आणखी एक थर आणि दोन्ही बाजूंना सागाचे तिरके आधार दिले.

दुसरे काम तळाचे. खडकाळ मुरमावर घासून प्लायचे थर उघडे पडत होते, म्हणून तळाला बाहेरून फायबरचे आवरण दिले. ज्यांनी हे काम उन्हाळ्यात केले आहे त्यांना ठाऊक असेल की रेझिन पहाटेच कालवावे लागते. आम्ही साडेपाचला कंदील लावून सुरुवात करायचो. डालड्याच्या डब्यात थोडेच रेझिन घ्यायचे, त्यात आधी कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) नीट ढवळून मिसळायचे आणि मगच हार्डनर घालायचा. ही दोन द्रव्ये सरळ एकमेकांत गेली तर भडका उडतो, म्हणून वडील त्या दोन बाटल्या अंगणाच्या दोन टोकांना ठेवायचे. सूर्य वर आला की डबा हाताला चटका देण्याइतका तापायचा आणि रेझिनची गोळी व्हायची, तेव्हा काम बंद. सागाला अंगचे तेल असल्यामुळे ते ॲसिटोनने पुसून घेतल्याशिवाय फायबर धरत नाही, हेही तेव्हाच शिकलो.

पुढचे उद्या लिहितो. आपल्यापैकी कोणी असे काम केले असल्यास अवश्य सांगावे.

चिकलठाण्याचा टर्नर

काका, नमस्कार. आपला लेख वाचून फार आनंद झाला. मी लेथवर उभा राहायला लागलो तो काळ याच्या थोडा पुढचा, पण त्या वसाहतीत काहीही मागितले तरी 'करून पाहू' म्हणणारे कारागीर होते, आणि अशा कामांत त्यांचा जीव रमायचा. आपल्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चौकटीचे प्लेट किती जाड घेतले होते? आणि पंखा दांड्याला धरून ठेवणारी शिअर पिन कशाची वापरत होता? एका तलावावरच्या नावेसाठी माझ्याकडे पिना करायला आलेले गृहस्थ स्टीलच्या पिना मागत होते. मी त्यांना पितळेच्या करून दिल्या आणि समजावले की पिन तुटण्यासाठीच असते. पंखा दगडाला लागला तर पिनेने जीव द्यावा आणि गियर वाचावेत. तिच्या जागी खिळा ठोकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि नंतर त्यांचे तुटलेले गियरही पाहिले आहेत.

गोदाकाठकर

अगदी बरोबर. प्लेट १० मिलिमीटरचे होते. आज करायचे झाल्यास मी ॲल्युमिनियमच वापरीन, कारण मागे इतके वजन नको. पिना पितळेच्याच होत्या, आणि त्या, चिमटा, पक्कड व कॉटर पिनांसह सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात बांधून चालवणाऱ्याच्या बाकाखाली ठेवलेल्या असायच्या. गुडघाभर पाण्यात उतरून पिन बदलणे हा आमच्या फेरीचा नेहमीचाच भाग होता.

आता पंख्याविषयी. पंख्याचे दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा घन पदार्थातून स्क्रूसारखा किती इंच पुढे गेला असता ते अंतर. आमच्या मोटरीवर मूळ १३ इंच पिचचा पंखा होता आणि त्यावर मोटर पूर्ण थ्रॉटलला तिच्या मिनिटाला ४५०० फेऱ्यांपर्यंत पोचतच नव्हती. आम्ही आधी कार्बोरेटर उघडला, मग ठिणगीचे पॉइंट पाहिले, सगळे ठीक होते. उत्तर हवेत होते. पैठण समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, तेवढ्याने हवा चार-पाच टक्के विरळ होते. त्यात पारा चाळिसाच्या वर गेला की आणखी आठ-नऊ टक्के. म्हणजे उन्हाळ्यात इंजिनाला दशांशाहून जास्त हवा कमी मिळते आणि ताकद त्याच प्रमाणात घटते. पिच एक इंचाने कमी केली की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात, म्हणून ११ इंचाचा पंखा शोधून आणला आणि मोटर मोकळी धावू लागली.

वेगाचा हिशेब कागदावर करता येतो. गियरचे प्रमाण १.७५ धरले, तर ४५०० फेऱ्यांना पंख्याचे सुमारे २५७० फेरे होतात. ११ इंच म्हणजे ०.२७९ मीटर, त्यामुळे मिनिटाला सुमारे ७१८ मीटर, म्हणजेच ताशी ४३ किलोमीटर. पाणी निसटते त्याची पंधरा टक्के घट वजा केली की ३६-३७ उरतात. वेग ऐकायला थोडा वाटेल, पण पाण्यापासून फूटभर उंचीवर बसलेल्या माणसाला तो फार मोठा असतो. बोटीचे नाक आधी वर उठते, समोरचे काही दिसत नाही, मोटर जड आवाज करते, आणि मग एकाएकी ती आडवी होते आणि पाण्यावर भिरकावलेल्या चपट्या दगडासारखी वरच्यावर धावू लागते. वडील तो क्षण आला की थ्रॉटल थोडा मागे घ्यायचे आणि माझ्याकडे पाहायचे. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढच्या बाकाखाली हलवल्यानंतर नाक उठण्याचा वेळही पुष्कळ कमी झाला.

पैठणची लेक

आपण पाण्याखालच्या भिंतींचा उल्लेख केलात, म्हणून लिहावेसे वाटले. माझ्या आईचे माहेर धरणात गेले. शंभराहून अधिक गावांना या जलाशयाची झळ पोचली, त्यांतलेच ते एक. आजोबा पुनर्वसनाच्या नव्या गावात राहायला आले, तरी पाणी उतरले की उन्हात चालत काठापर्यंत जायचे आणि वेस कुठे होती, पाटलाची गढी कुठे होती, आमची विहीर कुठे होती, हे आम्हां मुलांना दाखवायचे. ज्या कठड्याला आपला पंखा लागला असेल, त्या कठड्यावर कोणाच्या तरी आजीने घागर टेकवलेली असेल. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. आपण त्या जागा कशा ओळखत होता, त्यांच्या काही खुणा ठेवल्या होत्या का, हे मला जाणून घ्यायचे आहे. आमच्या घरी त्या गावाचा एकही नकाशा उरलेला नाही.

गोदाकाठकर

ताई, आपण विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे नकाशा नव्हता, परंतु ज्यांची गावे गेली त्यांतलेच काही जण पुढे मासेमारीत आले होते, आणि त्यांना पाण्याखालची जमीन पायाखालच्या जमिनीइतकी ठाऊक होती. त्यांतले एक आजोबा पहिल्या हंगामात आमच्या बोटीत पुढे बसायचे. ते हाताने दिशा दाखवायचे आणि बोलायचे ते गावाच्या भाषेत : 'आता मारुतीच्या पाराला वळसा घाला', 'इथे चावडी, जरा हळू', 'हा पांदीचा रस्ता, इथून सरळ चला.' पांदीचा रस्ता दोन्ही बाजूंच्या बांधांमुळे खोलगट असतो, म्हणून पाणी उतरल्यावर बोटीसाठी तोच सर्वांत सुरक्षित मार्ग होता, हे मला त्यांच्यामुळे कळले. बैलगाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेल्या वाटेवरून आम्ही बोट नेत होतो. जिथे भिंत किंवा कठडा होता तिथे उन्हाळ्यात बांबू रोवून त्याला पांढरे फडके बांधले जायचे. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून जागा ओळखायची पद्धतही त्यांचीच. त्या खुणांची एक वही वडिलांनी लिहिली होती आणि ती घरात आहे. तिच्यात गावांची आणि जागांची नावे आहेत. आपल्या आजोळच्या गावाचे नाव कळवावे, त्यात सापडल्यास मी ती पाने आपल्याला अवश्य पाठवीन.

जालन्याचा पक्षीमित्र

धागा मनापासून आवडला, तरी एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. हिवाळ्यात पट्टकादंब, रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकांचे थवे जे येतात ते नेमक्या याच उथळ पाण्यासाठी. आपल्या बोटीला जो उथळपणा अडचणीचा होता, तोच त्यांच्या पोटाचा आधार आहे. वेगवान बोटीची लाट काठाच्या चिखलात दूरवर शिरते, आणि आवाजाने थवा वारंवार उठला तर लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यातच खर्च होते. त्यानंतर आपण बोट कुठे चालवली?

गोदाकाठकर

आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अभयारण्य जाहीर झाल्यावर आम्ही नाथसागर सोडला आणि बोट बीड जिल्ह्यात माजलगाव धरणावर नेली, तीही तिथल्या कार्यालयाच्या परवानगीने. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी सिंदफणेवरच्या त्या धरणात येते, त्यामुळे वडील म्हणायचे की पाणी तेच आहे, फक्त पत्ता बदलला. हिवाळ्यात आम्ही तिथेही काठाजवळ वेग घेत नसू. आज कोणी अशी बोट घेणार असेल, तर त्याने आधी जलाशय अभयारण्यात येतो का हे पाहावे आणि परवानगीच्या बाबतीत कोणतीही पळवाट शोधू नये.

रत्नागिरीकर

आम्हां कोकणातल्या लोकांना हे सगळे उलट्या बाजूने परिचित आहे. आमचा शत्रू मीठ, तुमचा गाळ आणि ऊन. गोड्या पाण्यातील मोटरींसाठी एक सांगतो : खाऱ्या पाण्यात गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा ठोकळा लावतात, परंतु गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचा लावावा लागतो. दुसरे असे की अनेक जण स्कूटरचे टू-टी तेल आउटबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या मोटरीत, घालतात. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असते आणि त्यातील राखेचे थर पिस्टनवर साचतात. बोटीच्या मोटरीला टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे, राख न ठेवणारे तेलच हवे. लाकडी बोट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कोरडी ठेवलीत तेव्हा फळ्यांच्या सांध्यांचे काय झाले, हे ऐकायची उत्सुकता आहे.

गोदाकाठकर

सांधे उघडायचे, आणि ते पाहून जीव खाली-वर व्हायचा. समुद्रकाठी हवेतच ओल असते, इथे वैशाखात लाकडातला शेवटचा थेंबही निघून जातो. बोट कडुनिंबाखाली ठेवून तिच्यावर ओली गोणपाटे अंथरायचो, आणि आई रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घातल्यावर उरलेली कळशी गोणपाटांवर रिकामी करायची. ज्या वर्षी विहीर आटली त्या वर्षी तिने धुण्याचे पाणी त्यासाठी राखून ठेवले, पण त्या टंचाईत वडिलांनी तिला ते करू दिले नाही. मग बाजूच्या फळ्यांनाही फायबर दिले. वार्निशचा मधाळ रंग त्यात झाकला गेला याचे दुःख वडिलांना शेवटपर्यंत राहिले, परंतु बोट टिकली ती त्या निर्णयामुळे, हे माझे आजही ठाम मत आहे.

गाळाचा त्रास मोटरीच्या पंपाला झाला. मोटर थंड ठेवण्यासाठी पाणी ओढणारे रबरी चाक म्हणजे इम्पेलर, त्याची पाती काळ्या मातीच्या बारीक कणांनी झिजतात. तसा तयार इम्पेलर इथे मिळत नसे, म्हणून एका रबर मोल्डिंगवाल्याकडून नायट्राइल रबराचे करून घेतले आणि दर हंगामाला बदलले. मोटरीच्या मागून पाण्याची धार येत राहते. ती बारीक झाली की मोटर ताबडतोब बंद, हा घरातल्या लहान मुलांनाही पाठ असलेला नियम होता.

ट्रेलरचा विषय थोडक्यात : जुन्या जीपचा ॲक्सल, रुंद टायर आणि ओढायला ट्रॅक्टर. गाळपेरात अरुंद टायर रुततो. ज्याचे पीक उभे असेल त्याला विचारल्याशिवाय त्याच्या सरीतून गाडी न्यायची नाही.

नांदेडचा नवखा

सर, नमस्कार. माझ्याकडे नुकतीच अशीच एक जुनी जॉन्सन मोटर आली आहे, बहुधा त्याच काळातली. बरीच वर्षे बंद आहे. सुरू करण्याआधी काय पाहावे? सुटे भाग मिळतील का? बोट बुडू नये म्हणून आत थर्माकोल भरावा असे एकाने सुचवले आहे.

गोदाकाठकर

आपले अभिनंदन. थर्माकोल अजिबात भरू नका. पेट्रोल सांडले की तो विरघळून जातो. पॉलियुरेथेनचा फोम वापरा, किंवा झाकणे घट्ट बसवलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन बाकांखाली पट्ट्यांनी आवळून बसवा. आम्ही तेच केले होते.

सुरू करण्याआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पाहा. इम्पेलर न पाहता बदलाच, कारण एकाच जागी दबून राहिलेल्या पात्यांना तसाच बाक आलेला असतो. फ्लायव्हीलखाली पॉइंटचे दोन संच असतील, ते बारीक कागदाने साफ करून दोन्हींमधले अंतर फीलर गेजने ०.०२० इंच ठेवा. गियरचे तेल काढून पाहा. ते दुधाळ दिसले तर सील गेले आहे. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, कारण आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसमोर त्या काळचे रबर टिकत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या मोटरींना पेट्रोल-तेलाचे प्रमाण ५० ला १ चालते, त्याआधीच्यांना २४ ला १ लागते, म्हणून आधी वर्ष नक्की करा. पहिल्यांदा सुरू करताना मोटर पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात बुडवूनच सुरू करा. कोरडी चालवली तर काही सेकंदांतच इम्पेलर जळतो.

सुट्या भागांविषयी : जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही नावे एकाच अमेरिकन कंपनीची होती. ती डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी बॉम्बार्डियरने ती नावे घेतली आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचे उत्पादनही थांबले. तरी या मोटरी इतक्या बनल्या होत्या की पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि सील इतर कारखान्यांचे अजून मिळतात. त्यासाठी मॉडेल क्रमांक लागतो. मोटर बोटीला जिथे पकडली जाते त्या ब्रॅकेटच्या बाजूला एक छोटी धातूची पट्टी असते, रंगाखाली दडलेली असेल तर थिनरने हलकेच पुसा. तिच्यावरचा क्रमांक इथे टाका. माझ्याकडे उरलेल्या खोक्यात दोन कॉइल आणि कार्बोरेटरचा एक पूर्ण संच आहे. तो आपल्या मोटरीला बसत असेल तर आपलाच समजा.